परिचर्येची नोंद : चौकटीतली आणि चौकटीबाहेरची

प्रास्ताविक

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाजवळ चोवीस तास कोणी असेल तर ती परिचारिका होय. डॉक्टर फेरीला येतात, तपासतात, औषध लिहून पुढच्या खाटेकडे जातात. दोन फेऱ्यांच्या दरम्यान रुग्णाने पाणी किती घेतले, रात्री तो कितीदा उठून बसला, त्याचा श्वास केव्हा जड झाला, हे कळण्याचे प्रमुख साधन म्हणजे परिचारिकेने ठेवलेली नोंद. परिचर्येच्या अभ्यासक्रमात या नोंदीला महत्त्वाचे स्थान आहे. तरीही एक लेखन म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. ती कोणासाठी लिहिली जाते, तिच्यात काय येते, काय गळते आणि गळाल्याने कोणाचे नुकसान होते, हे प्रश्न मात्र समीक्षेचेच आहेत.

ही नोंद आता कागदावरून संगणकाच्या पडद्यावर जात आहे. अमेरिकेत २००९ च्या ‘हायटेक’ कायद्याने रुग्णालयांना इलेक्ट्रॉनिक अभिलेखाकडे वळण्यासाठी आर्थिक प्रोत्साहन दिले. भारतात केंद्र सरकारने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य अभिलेखाची मानके प्रसिद्ध केली व २०१६ मध्ये ती सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू झाले आणि नागरिकाला ‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळू लागला. या बदलाविषयी बोलताना सहसा दोन टोकांची मते मांडली जातात. एका मतानुसार संगणकाने सर्व काही सुधारेल. दुसऱ्या मतानुसार संगणकाने परिचारिकेला रुग्णापासून तोडले. प्रस्तुत लेखात ही दोन्ही मते बाजूला ठेवून परिचर्येच्या नोंदीमागील दोन महत्त्वाच्या ग्रंथांची तुलना केली आहे आणि त्यांतून निघणारी कसोटी आजच्या डिजिटल नोंदीला लावून पाहिली आहे.

नाइटिंगेल : तक्त्याचा आग्रह आणि पेन्सिलीविषयीची शंका

पहिला ग्रंथ म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा ‘नोट्स ऑन नर्सिंग’. तो १८५९-६० च्या सुमारास लंडनमध्ये छापला गेला. व्यावसायिक परिचारिकांसाठी पाठ्यपुस्तक लिहिण्याचा त्यांचा हेतू नव्हता; घरात कोणाच्या ना कोणाच्या प्रकृतीची जबाबदारी वाहणाऱ्या स्त्रियांना विचार करायला लावणारे सूचन, असे त्याचे स्वरूप त्यांनी प्रास्ताविकात सांगितले आहे.

नाइटिंगेल यांची ओळख ‘हाती दिवा घेतलेली स्त्री’ अशी करून दिली जाते. प्रत्यक्षात त्या तितक्याच आकड्यांच्याही अभ्यासक होत्या. क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंचे कारणवार चित्र त्यांनी १८५८ मध्ये आलेखांतून मांडले. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता आणि अशा नमुना-तक्त्यांची त्यांची योजना १८६० च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे मांडली गेली. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रमाणित नोंदीच्या त्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक होत.

म्हणूनच ‘नोट्स ऑन नर्सिंग’मधील ‘रुग्णाचे निरीक्षण’ हे तेरावे प्रकरण लक्षपूर्वक वाचावे लागते. तेथे त्या सरासरीविषयी सावधगिरीची सूचना देतात. सरासरी आपल्याला बारीक निरीक्षणापासून दूर नेते, असे त्यांचे म्हणणे. ‘रात्र बरी गेली का?’ हा प्रश्नच त्यांना निरुपयोगी वाटतो, कारण ‘बरी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक रुग्णागणिक बदलतो. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, असे विचारावे, असे त्या सांगतात. त्यानंतर येते ती पेन्सिलीची गोष्ट. निरीक्षण कागदावर टिपून ठेवल्याने मदत होत असेल तर खुशाल टिपावे, असे म्हणून लगेच त्या पुढे सांगतात की, त्याने स्मरण आणि निरीक्षण बळकट होण्याऐवजी बहुधा लंगडेच होते. निरीक्षणाची सवय कशीही करून जडवलीच पाहिजे. ती जडत नसेल तर कितीही कनवाळू असलेल्या व्यक्तीने हा व्यवसाय सोडावा, इतके स्पष्ट मत त्यांनी नोंदवले आहे.

एकाच लेखिकेची ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. सर्व रुग्णालयांसाठी एकच तक्ता मागणारी व्यक्ती खाटेजवळच्या पेन्सिलीवर मात्र शंका घेते. या विरोधाचा उलगडा त्याच प्रकरणाच्या शेवटाकडे होतो. निरीक्षण हे माहितीचे ढीग रचण्यासाठी नसून जीव वाचवण्यासाठी आणि रुग्णाला आराम मिळावा यासाठी आहे, असे त्या बजावतात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने नोंदी दोन प्रकारच्या आहेत. एक नोंद प्रशासनाला तुलना करता यावी म्हणून, तर दुसरी याच रुग्णाचे पुढचे काही तास नीट जावेत म्हणून. पहिलीला एकसारखेपणा लागतो, दुसरीला नजर लागते. एकीचे नियम दुसरीला लावले की घोटाळा होतो. त्याच ग्रंथातील तिसऱ्या प्रकरणाचा गाभाही हाच आहे. आपण हजर असताना जे होते ते आपण हजर नसतानाही व्हावे, यासाठी व्यवस्था लावणे म्हणजे परिचर्येतील व्यवस्थापन होय. ड्यूटी बदलताना येणाऱ्या सिस्टरला दिला जाणारा रिपोर्ट हे या विचाराचेच आजचे रूप आहे.

एन.आय.सी. : अदृश्य श्रमांची यादी

दुसरा ग्रंथ म्हणजे ‘नर्सिंग इंटरव्हेन्शन्स क्लासिफिकेशन’, थोडक्यात एन.आय.सी. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९८७ पासून जोआन मॅक्लॉस्की आणि ग्लोरिया बुलेचेक यांच्या नेतृत्वाखाली हे काम सुरू झाले. परिचारिका जी जी कृती करते तिला एक नाव, एक व्याख्या आणि तिच्या अंतर्गत येणाऱ्या कामांची यादी द्यावयाची, अशी त्याची रचना आहे. १९९२ च्या पहिल्या आवृत्तीत अशा ३३६ कृती होत्या. २०१८ च्या सातव्या आवृत्तीत त्या ५६५ झाल्या. संगणकाला शब्दांपेक्षा संकेत सोयीचे असतात. त्यामुळे डिजिटल नोंदीच्या काळात अशा वर्गीकरणांचे महत्त्व वाढत गेले.

या ग्रंथामागील तळमळ समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर टीका करणे अन्यायाचे ठरेल. रुग्णालयाच्या बिलात शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधे स्वतंत्रपणे दिसतात. परिचारिकेचे श्रम मात्र बहुधा खोलीच्या किंवा खाटेच्या भाड्यात विरून जातात. ज्याला नाव नाही त्याची मोजणी नाही. मोजणी नाही म्हणून त्यासाठी मनुष्यबळ नाही आणि संशोधनही नाही. या स्थितीवर नावे देणे हा उपाय होता. म्हणूनच या यादीत जखमेची मलमपट्टी किंवा शिरेवाटे द्रव देणे यांबरोबर ‘लक्षपूर्वक ऐकणे’, ‘स्पर्श’, ‘सोबत असणे’, इतकेच नव्हे तर ‘विनोद’ यांचीही नोंद आहे. घाबरलेल्या रुग्णाजवळ पाच मिनिटे बसून राहणे हेही काम आहे, हे मान्य करणारा हा दस्तऐवज आहे. या अर्थाने त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

परंतु नाव मिळाले की हिशेबही मागितला जातो. जेफ्री बोकर आणि सुझन ली स्टार यांनी १९९९ च्या ‘सॉर्टिंग थिंग्ज आउट’ या ग्रंथात एन.आय.सी.चा सविस्तर विचार केला आहे. त्यांनी दाखवलेला पेच असा : काम दृश्य झाल्याने त्याला मान मिळतो, पण दृश्य झालेले काम नियंत्रणाखालीही येते. ‘सोबत असणे’ यादीत आले की ते किती मिनिटे, दिवसातून किती वेळा, असे प्रश्न ओघानेच येतात. उद्या एखादा व्यवस्थापक ‘विनोद’ या कृतीला काही मिनिटे ठरवून देऊ शकेल. यादी जितकी बारीक तितका परिचारिकेचा निर्णय आक्रसतो. यादी जितकी ढोबळ तितके तिचे काम पुन्हा अदृश्य होते. या पेचातून पूर्ण सुटका नाही, ही बोकर-स्टार यांची मांडणी आजही पटते.

मात्र त्यांच्या मांडणीत रुग्ण मागे पडतो. दृश्यता आणि नियंत्रण हा वाद परिचारिका व व्यवस्थापन यांच्यामधील आहे. नाइटिंगेल यांची कसोटी लावली तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. ही नोंद खाटेवरच्या माणसाच्या पुढच्या काही तासांसाठी उपयोगी आहे का? एन.आय.सी. परिचारिकेने काय केले हे सांगते. तिला काय दिसले आणि त्याने ती का अस्वस्थ झाली, हे सांगण्यासाठी ती रचलेलीच नाही. यात तिचा दोष नाही, पण ही तिची मर्यादा निश्चितच आहे.

चौकट नजर घडवते

डिजिटल नोंदीचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. घाईत लिहिलेले अक्षर लागले नाही म्हणून औषध किंवा मात्रा चुकण्याचा धोका कमी होतो. ॲलर्जीची सूचना पडद्यावर समोर येते. केस पेपर हरवत नाही. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषध यांचे बारकोड जुळवून पाहता येतात. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ च्या ‘टू अर इज ह्युमन’ या अहवालात वैद्यकीय चुकांकडे लक्ष वेधले, तेव्हापासून या साधनांची गरज सर्वमान्य झाली.

अडचण दुसरीकडे आहे. पडद्यावरील प्रत्येक चौकट हा एक प्रश्न असतो आणि ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल तर तो हुकूम होतो. श्वासगतीची नोंद हे याचे परिचित उदाहरण आहे. ताप, नाडी, रक्तदाब यंत्र दाखवते. श्वास मात्र बऱ्याच वॉर्डांत अजूनही छातीकडे पाहत घड्याळ लावून मोजावे लागतात. कामाची गर्दी असली की रांगेने सर्वांच्या तक्त्यावर मिनिटाला १८ किंवा २० हा आकडा येतो. प्रकृती बिघडत असल्याची सर्वांत आधीची खूण अनेकदा श्वासगतीतच दिसते; नेमकी तीच चौकट अंदाजाने भरली जाते. हे कागदावरही होत असे. पडद्यावर त्याला नेमकी वेळ, स्वाक्षरी आणि टापटीप मिळते, त्यामुळे ते अधिक खरे भासते, इतकाच फरक. कालची नोंद एका कळीने आज उतरवण्याची सोय हाही असाच प्रकार आहे. चौकट रिकामी राहिली तर निदान प्रश्न तरी शिल्लक राहतो. खोटी भरली की प्रश्नच मिटतो.

इंग्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ ही गुणांकन पद्धत या बाबतीत शहाणपणाची आहे. श्वासगती, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टींना गुण देऊन ती रुग्णाची अवस्था ठरवते. परंतु आकडा कमी असला तरी जवळ असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला चिंता वाटत असेल तर त्या चिंतेला आकड्यापेक्षा वरचे स्थान द्यावे, असेही ती सांगते. आकड्यांची पद्धत स्वतःच आपली हद्द मान्य करते, हे येथे महत्त्वाचे आहे.

चौकटीबाहेरच्या नोंदीचा पुरावा

‘चिंता वाटते’ ही भाषा शास्त्रीय नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्याला अलीकडच्या संशोधनाने उत्तर दिले आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित सारा कॉलिन्स रॉसेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिचारिकांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की, ज्या रुग्णांच्या तक्त्यावर परिचारिकांनी ऐच्छिक शेरे अधिक लिहिले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. शेऱ्यांमुळे मृत्यू झाले, असा याचा अर्थ नव्हे. आकडे बिघडण्यापूर्वीच परिचारिकेला काही जाणवले होते आणि ते तिने चौकटीबाहेर लिहिले होते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

याच धाग्यावर ‘कन्सर्न’ ही पूर्वसूचना प्रणाली उभी राहिली. ती नाडी किंवा ताप किती आहे यापेक्षा परिचारिका ठरलेल्या वेळेबाहेर किती वेळा जाऊन पाहते, शेरा केव्हा लिहिते, याकडे लक्ष देते. २०२५ मध्ये तिच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६० हजारांहून अधिक रुग्ण-दाखल्यांचा समावेश असलेल्या या चाचणीत, प्रणाली वापरलेल्या वॉर्डांमध्ये मृत्यूचा धोका एक-तृतीयांशाहून अधिक कमी आढळला.

या निष्कर्षाचे महत्त्व दुहेरी आहे. पेन्सिलीविषयी शंका घेणाऱ्या नाइटिंगेल ज्या नजरेला सर्वस्व मानत होत्या, त्या नजरेचा ठसा नोंदीत उमटतो, हे संगणकानेच दाखवून दिले. आणि तो ठसा सक्तीच्या चौकटीत नव्हे, तर सक्ती नसलेल्या जागेत उमटतो, हेही. परिचारिकेच्या नोंदीतील सर्वांत मोलाची ओळ बहुधा कोणी मागितलेली नसते. येथे एक धोकाही लक्षात घ्यावा लागतो. अशा शेऱ्यांची संख्या कामाचे माप म्हणून वापरली गेली, दर पाळीला अमुक शेरे असा नियम झाला, तर तेही सक्तीची चौकट होतील आणि त्यांचा अर्थ संपेल.

रुग्णाची भाषा आणि पडद्याची भाषा

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. बेळगावच्या एखाद्या वॉर्डात शेजारच्या चार खाटांवर मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू आणि कोकणी बोलणारे रुग्ण असू शकतात. हैदराबादेत तेलुगू आणि दख्खनीबरोबर जुन्या मराठी कुटुंबांतील वृद्धही असतात. नोंद मात्र बहुधा इंग्रजीत होते आणि पडद्यावर तर ती तयार पर्यायांतून निवडावी लागते.

दुखण्याचेच उदाहरण घेता येईल. मराठी माणूस ‘ठणका लागलाय’ म्हणतो तेव्हा ते दुखणे नाडीबरोबर उसळणारे, पू धरलेल्या जागेसारखे असते. ‘कळ येते’ म्हटले की ते पोटात पिळून येणारे व पुन्हा ओसरणारे असते. ‘चमक भरली’ म्हणजे अचानक व तीव्र. ‘रग लागली’, ‘जळजळतं’, ‘टोचतं’, ‘मुंग्या येतात’ हे आणखी वेगळे. यांतील प्रत्येक शब्द निदानाची दिशा सुचवतो. पडद्यावर या सर्वांचा शून्य ते दहा यांमधील एक आकडा होतो. दुखण्याचे शब्द हा शास्त्राचा विषय आहे, हे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्येच दाखवले. त्यांच्या मॅकगिल प्रश्नावलीत इंग्रजीतील ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. इंग्रजीतील शब्दांना जी प्रतिष्ठा मिळाली ती ठणका आणि कळ यांना नाकारण्याचे शास्त्रीय कारण नाही.

‘जीव घाबरा होतो’ हे त्याहून अवघड उदाहरण. दख्खनीत हेच ‘जी घबरा रहा’ असे येते. यात धडधड असेल, धाप असेल, रक्तातील साखर उतरली असेल किंवा नुसती भीती असेल. एखाद्या वृद्धेच्या बाबतीत ती हृदयविकाराची एकमेव तक्रारही असू शकते. पर्यायांच्या यादीत ‘चिंता’ हा शब्द असला आणि घाईत तोच निवडला गेला, तर पुढच्या पाळीची सिस्टर आणि सकाळी येणारे डॉक्टर एक चिंतातुर रुग्ण वाचतात. वृद्धेने सांगितलेले वाक्य तेथे उरत नाही. ते वाक्य तिच्याच शब्दांत देवनागरीत किंवा अन्य लिपीत एका ओळीत उतरवता आले असते, तर वाचणाऱ्याला पुन्हा विचार करण्याची संधी मिळाली असती. भारताने २०१४ मध्ये ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषेच्या संस्थेचे सदस्यत्व घेतले आणि राष्ट्रीय मानकांत त्या परिभाषेचा पुरस्कार केला. संकेतांची एकवाक्यता आवश्यकच आहे. तथापि संकेत हा रुग्णाच्या बोलण्याचा अर्थ आहे, बोलणे नव्हे. अर्थ चुकला असेल तर तो दुरुस्त करण्यासाठी मूळ बोलणे शिल्लक राहिले पाहिजे.

उपकेंद्रातील टॅब्लेट

रुग्णालयाबाहेर हा प्रश्न उपकेंद्राच्या एएनएमपर्यंत पोचतो. गर्भवती, बाळंतीण आणि बालके यांची नोंद ठेवण्यासाठी २०१६ मध्ये ‘अनमोल’ हे टॅब्लेटवरील ॲप आणले गेले. नेटवर्क नसतानाही नोंद करून ती नंतर पाठवता येते. समुपदेशनासाठी ध्वनिचित्रफिती त्यात आहेत. वस्तीवस्तीत फिरणाऱ्या सेविकेच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. पण जेथे रजिस्टर कायम राहून टॅब्लेट वर आला, तेथे एकच माहिती दोनदा भरणे आले. तो वेळ गृहभेटीतूनच काढावा लागतो.

येथेही दोन प्रकारच्या नोंदींचा भेद लागू पडतो. किती गर्भवतींची नोंदणी झाली, किती लसी दिल्या, हे वरच्या कार्यालयाला हवे असते आणि ते योग्यही आहे. मात्र अमुक घरातील सून रक्तवाढीच्या गोळ्या नेते पण त्याने मळमळते म्हणून खात नाही, ही माहिती पुढच्या भेटीसाठी लागते. गोळ्या ‘दिल्या’ ही चौकट भरली की आकडा पूर्ण होतो आणि रक्ताची कमतरता तशीच राहते. अनुभवी सेविका हे जाणते. तिची बदली झाली की हे ज्ञानही तिच्याबरोबर जाते. यंत्रणेने जपायला हवे ते हेच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१) परिचर्येची नोंद प्रशासनासाठी आणि रुग्णाच्या पुढच्या काही तासांसाठी अशी दुहेरी असते. डिजिटल प्रणाली पहिले काम उत्तम करते. दुसऱ्यासाठी तिच्यात जाणीवपूर्वक जागा ठेवावी लागते.

२) सक्तीच्या चौकटी मोजक्या असाव्यात. ‘पाहता आले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिण्याची सोय प्रत्येक चौकटीत असावी. अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा ती नोंद रुग्णाच्या अधिक हिताची आहे.

३) मुक्त शेऱ्याची जागा ठेवावी आणि ड्यूटी बदलताना येणाऱ्या सिस्टरला ती सर्वांत वर दिसावी. या शेऱ्यांची मोजदाद करून त्यावर परिचारिकेचे मूल्यमापन करू नये.

४) रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्या भाषेत, त्याच्याच शब्दांत एका ओळीत लिहिता यावी, संकेत त्याखाली यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे माहिती रुग्णाची आहे, हे तत्त्व अधोरेखित झाले आहे. स्वतःची तक्रार स्वतःच्या शब्दांत अभिलेखात असणे, हेही त्याच तत्त्वाचे अंग मानावे.

५) प्रणाली विकत घेताना वा आखताना वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिका व एएनएम यांना पहिल्या बैठकीपासून बोलवावे. सर्व काही ठरल्यावर त्यांना केवळ प्रशिक्षणाला बोलावणे पुरेसे नाही.

नाइटिंगेल यांनी तक्ता मागितला आणि पेन्सिलीविषयी सावध केले, एन.आय.सी.ने अदृश्य श्रमांना नाव दिले; संगणकाने चौकटीबाहेरच्या ओळीचे मोल सिद्ध केले. हे तीनही टप्पे एकमेकांना खोडून काढत नाहीत. मात्र ज्या प्रणालीत ती एक ओळ लिहायला जागा नाही किंवा ती लिहायला परिचारिकेला वेळ नाही, ती प्रणाली कितीही आधुनिक असली तरी परिचर्येच्या दृष्टीने अपुरीच म्हणावी लागेल.